मोजणीतलं शून्य

साल २०६८. कृत्रिम डोळे चालवणाऱ्या मुक्त संगणक प्रणालीतली जुनी पॅकेजेस, म्हणजे कुणी वापरत नसलेले सॉफ्टवेअरचे तुकडे, काढायचं काम शर्वरी चिपळूणच्या घरून करायची. त्या सकाळी वापरकर्त्यांच्या मोजणीत शून्य बघून तिने एक पॅकेज काढलं. तासाभरात सगळीकडचे कृत्रिम डोळे आपोआप अद्ययावत झाले आणि तसलेच जुने डोळे बसवलेल्या आत्याचा फोन आला.

“शरू, एकदम काळोख झाला गं! शेगडीवर दूध आहे.”

“हलू नकोस! आत्या, तू मोजणीत कशी नाहीस?”

“तूच बजावलं होतंस, आपली माहिती कुणाला द्यायची नाही. मोजणी बंद केली मी.”

शर्वरीने घाईघाईने पॅकेज परत घातलं आणि आत्याचे डोळे लगेच पुन्हा अद्ययावत केले.

“दिसलं! दूध गेलं उतू, मेले.”

आत्या पुढे अकरा वर्षं त्याच डोळ्यांनी पेपर वाचत राहिली. ती गेल्यावर वापरणारं खरंच कुणी उरलं नाही. शर्वरीने मात्र ते पॅकेज स्वतः निवृत्त होईपर्यंत सांभाळलं.