आरशांच्या खोलीचं दार

एका जुन्या व्हिडिओ गेममधली आरशांची खोली सगळ्यांत कमी वेळात पार करायचा रेकॉर्ड माझ्या नावावर आहे. युक्ती सोपी आहे. आरशांना हातसुद्धा लावायचा नाही. खांब आणि भिंतीच्या सांदीत पाठ टेकवून मागे उड्या मारत राहायचं. गेमचा गोंधळ उडतो आणि आपण बंद दारातून थेट पलीकडे!

रिटायर झाल्यावर बाबांनीही तोच गेम घेतला, पोरगी दिवसभर करते तरी काय ते कळावं म्हणून. रविवारपासून ते त्या खोलीत अडकून बसले होते.

"एखादी हिंट तरी दे की गं," काल ते म्हणाले.

"सांगितलं तर मजा जाईल, बाबा," मी घाईघाईने म्हटलं.

त्यांचा चेहरा खुलला. स्वयंपाकघराकडे तोंड करून ते आईला म्हणाले, "ऐकलंस? आपली पोरगी आयतं उत्तर कुणाला देत नाही, आणि स्वतःही कधी घेत नाही!"

आज संध्याकाळी त्यांनी हाका मारमारून मला बोलावलं. शेवटचा आरसा हळूच फिरवला. उजेडाची तिरीप या आरशावरून त्या आरशावर गेली, दारावर पडली, आणि ते दगडी दार घरघरत वर सरकलं.

"तुला काय, हे पाठच असेल म्हणा," बाबा जरा लाजून म्हणाले.

मी मान डोलावली.

 

ते दार उघडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.