टेकडीवरचा माणूस

सर सुरू झाली तेव्हा उस्तादांनी डोक्यावरच्या ढगाकडे पाहिलंच नाही. त्यांनी टेकडीमागे पाहिलं. खाली पिटच्या बाजूला, जिथे रेसच्या गाड्या टायर बदलायला आत येतात, काळंकुट्ट झालं होतं, पण इथून ढगाची शेपटी दिसत होती. तिच्यामागे उन्हाचा पट्टा झपाट्यानं पुढे सरकत होता.

त्यांनी फोन लावला. सुनेनं लगेच उचलला.

"टायर बदलू नका म्हणावं. ही सर टिकत नाही. मागे लख्ख आहे."

"ऐकलं, बाबा. सांगते त्यांना."

उस्ताद हे रेसवाल्यांनी दिलेलं नाव. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी स्वतः गाड्या पळवल्या होत्या, आता मुलगा पळवत होता. गेल्या मोसमापर्यंत तेही पिटमध्येच उभे असत आणि तिथे त्यांची जीभ काही स्वस्थ बसत नसे. एकदा आभाळ भरून आलेलं पाहून त्यांनी असा काही आरडाओरडा केला, की मुलगा गोंधळून आत आला आणि त्यानं पावसाचे, खाचा असलेले टायर चढवले. पाऊस आलाच नाही. कोरड्या रस्त्यावर ते टायर तापून फाटले आणि हाताशी आलेली रेस गेली. त्यानंतर बापलेकात बरेच दिवस अबोला होता.

मग मुलगाच एके दिवशी समोर येऊन बसला. शांतपणे म्हणाला, पिटमधून टेकडीमागचं आभाळ दिसत नाही. मोठ्या टीमकडे हवामानाची माणसं असतात, आपल्याकडे नुसता पडद्यावरचा नकाशा. वरच्या वळणावर जाणता डोळा हवा, आणि तुमच्याइतका जाणता कोण आहे? तुम्ही फोनवर हिला सांगा, ही टीमच्या चीफच्या शेजारी बसेल, गाडी कधी आत घ्यायची ते तोच ठरवतो.

उस्तादांनी लगेच हो म्हटलं होतं. मुलानं त्यांच्याकडे असं आपणहून काही मागितल्याला जमाना झाला होता.

तेव्हापासून घडीचं स्टूल घेऊन ते या वळणावर येत. कधी त्यांचं म्हणणं खरं ठरे आणि मुलाची गाडी अगदी वेळेवर आत जाई. मग झेंडेवाल्यांना ते ऐकवत, "कोणी सांगितलं होतं?" कधी तसं घडत नसे. मग चीफ शिष्ट आहे, एवढं म्हणून ते सोडून देत. फोनमागे इंजिनांचा आवाज कसा तो नसे. पिटमध्ये काचेची खोली केलेली दिसते, बरं केलं, असं त्यांना वाटे.

आज मात्र सोडून देण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या वर्षी टीम दोनाऐवजी एकच गाडी उतरवणार होती. मुलगा आणि त्याचा जोडीदार, दोघांत जो पुढे राहील तो टिकेल, दुसऱ्यानं आपली वाट धरायची. मुलगा पहिला होता, जोडीदार त्याच्या मागोमाग.

गाडी वळणावर आली. कोरड्या रस्त्यासाठीच्या गुळगुळीत टायरांवर तिचं ढुंगण डावीकडे निसटलं, मुलानं ते सावरलं. उस्तादांनी पुन्हा फोन लावला. थोडी कळ काढा म्हणावं, नेट धरून बाहेरच राहा, आत बोलावलंत तर घात होईल.

"बाबा, तुम्ही भिजताय का? छत्री आहे ना?"

"छत्रीचं काय घेऊन बसलीस? त्यांना सांगितलंस का?"

सून हळूच म्हणाली,

"सांगितलं."

पुढच्या फेरीला मुलाची गाडी मागे पडून आली. टायरांवर खाचा होत्या. एका वेळी एकच गाडी आत घेता येते, म्हणून जोडीदाराला बाहेरच ठेवलं होतं. तो घसरत, धडपडत तग धरून होता.

आणि ऊन आलं. बघता बघता रस्ता सुकला. मुलाच्या टायरांची सालं निघू लागली, काळे तुकडे उस्तादांच्या पायांपर्यंत उडून आले. पुन्हा टायर बदलायला आत जाणं म्हणजे होतं तेही घालवणं. एकेक गाडी त्याला मागे टाकत गेली. जोडीदार जिंकला. मुलगा कितवा आला ते उस्तादांनी मोजलं नाही.

ते ताडताड खाली उतरले. गाड्या लावायच्या जागेत त्यांची घरची गाडी उभी होती. काचा वर, आत सून, मांडीवर फोन. बिचारी रडायला इथे येऊन बसली, असं त्यांना वाटलं. त्यांना पाहताच ती घाईनं उतरली आणि आडवी आली.

"बाबा, घरी जाऊ या. आत्ता तिकडे नको."

"तू सांगितलं होतंस ना?"

"तुमचंच बरोबर होतं, बाबा."

हे त्यांना दुसऱ्या तोंडून ऐकायचं होतं. तिला बाजूला सारून ते निघाले. माणूस पावसात उभा राहून घसा फोडतो, तुम्हाला कान आहेत की नाहीत, हे आज चीफला तोंडावर विचारायचं होतं.

पिटमध्ये मुलगा टायरांच्या थप्पीवर बसला होता, हेल्मेट मांडीवर. बापाला पाहून तो ताडकन उठला.

"बाबा, नंतर बोलू."

पण चीफनं स्वतःच पुढे होऊन उस्तादांना खुर्ची दिली. शिष्टपणा नव्हता, उलट चेहरा पार उतरला होता.

"या उस्ताद, किती दिवसांनी पाय लागले तुमचे इथे. चूक माझी आहे, पोराची नाही. इथे धो धो कोसळत होता, मागे उघडलंय हे इथून कसं कळणार? वर्षभर याच्या कानीकपाळी ओरडतोय, त्या टेकडीवरच्या वळणावर आपला एक माणूस उभा करू या. हा म्हणतो, भरवसा ठेवावा असा माणूसच नाही आपल्याकडे."