तिसरी युकुलेली

लढाई संपली आणि नगरच्या छावणीतले गोरे शिपाई मायदेशी निघाले. त्यांचं मागं राहिलेलं सामान सूर्यभान विकायचा. याकोब मास्तर बायकोला घेऊन त्याच्या दुकानी आले. एलिझाबेथ चर्चमध्ये पेटी वाजवायची, पण विषमज्वरात तिचे कान गेले आणि औषधपाण्यात पेटीही विकली गेली. दोन वर्षं उपासना वाद्याविनाच चालली होती. आता मास्तर स्वतःच शिकणार होते. नवी पेटी परवडणारी नव्हती, म्हणून युकुलेली, लहानशा गिटारीसारखं वाद्य.

सूर्यभाननं तीन युकुलेल्या मांडल्या. पहिली छेडली, दुसरी छेडली. मास्तरांना फरक कळेना. एलिझाबेथ पाठमोरी उभी राहून रस्त्यावरचे टांगे बघत होती. ती एकदम वळली.

"अहो, ही तिसरी घ्या. किती गोड वाजतेय!"

मास्तरांचे डोळे भरून आले. "ऐकू आलं तुला?" म्हणत त्यांनी पैसे पुढं केले.

सूर्यभान मागं सरकला. "मास्तर, तिला तारा न्हाईत. मी हातबी लावला न्हाई."

एलिझाबेथनं ओठांवर बोट ठेवलं. "थांबा, गाणं संपू द्या."