तिसरा सराव

"नाव कुनाचंबी येवो, हात थांबवायचा नाय," एकनाथ सर म्हणाले आणि त्यांनी स्टीलचा डबा जागृतीपुढे धरला.

तिने मोबाइल बंद करून डब्यात टाकला. वादळ आलंय, टॉवर पडलेत, फोन मेलेत असं धरून चालायचं, हा सरावाचा पहिला नियम. मग उरतो तो हौशी मंडळींचा हॅम रेडिओ. कोळगावला सरांच्या घराच्या वरच्या खोलीत मुख्य सेट होता आणि आज त्यावर जागृती बसली होती. मुरब्याच्या समुद्रात एका बोटीवर मितेश होता. रुग्णालयाकडचा सेट रुचिता सांभाळत होती. मितेशने जखमींची माहिती द्यायची, जागृतीने ती लिहून घेऊन रुचिताला पोचवायची. ऐकायला सोपं.

अवघड होतं ते सरांचं डोकं. वीज प्रकल्पातून निवृत्त झालेला हा माणूस सरावाच्या चिठ्ठ्या स्वतः लिहायचा आणि खोट्या जखमींत सेटवर बसणाऱ्याच्या घरचं एखादं नाव हमखास घालायचा. खऱ्या वादळात आपलंच माणूस यादीत निघालं तरी पुढचे निरोप अडता कामा नयेत, असं त्याचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं, पण ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हायचं.

जागृतीचा नवरा अनुज मासेमारीला जायचा. आजही पहाटेच गेला होता. पहिल्या सरावात त्याचं नाव आलं तेव्हा ती हेडफोन फेकून डब्यातला मोबाइल काढायला धावली होती. दुसऱ्यात तेच नाव तिने चार वेळा विचारलं आणि तेवढ्यात दोन निरोप हुकले. आजही डगमगली तर मुख्य सेटवरून कायमची खाली, असं सरांनी बजावलं होतं.

मागे एका वादळात मुरब्याच्या बायका दोन दिवस किनाऱ्यावर उभ्या होत्या. बोटी कुठे आहेत हे सांगणारं कोणी नव्हतं. त्या बायकांत जागृती होती. म्हणून तिने परीक्षा देऊन रेडिओचं लायसन्स काढलं. ही खुर्ची तिला हवीच होती.

सव्वादहाला मितेशचा पहिला निरोप आला. "सराव, सराव. जखमी पुरुष, विश्राम, वय पंचेचाळीस, हात मोडला."

खोटा निरोप खरा समजून कोणी धावू नये, म्हणून प्रत्येक निरोपाआधी हा शब्द दोनदा म्हणायचा. पण मितेश रेशनची यादी वाचावी तसा वाचत होता. सरांनी जागृतीच्या हातातून माईक घेतला. "मितेश, जरा जीव लावून बोल. मानूस जखमी हाय, बटाटा नाय."

दुसऱ्या निरोपात त्याने जीव लावला आणि 'सराव' म्हणायचं विसरला.

"हा गडी नेहमीचाच," सर वैतागले. "तूच लिही कागदावर."

तिने वर 'सराव' लिहिलं आणि निरोप पुढे पाठवला. तिसरा आला, चौथा आला. प्रत्येक वेळी ती अनुजचंच नाव ऐकायच्या तयारीत होती. अनुज अजून यादीत नव्हता. म्हणजे तो पुढे होता. सरांनी तिला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचं ठरवलेलं दिसत होतं.

वारा वाढला आणि हेडफोनमध्ये नुसती खरखर सुरू झाली.

"अँटेना फिरली," म्हणत सर पकड घेऊन गच्चीवर गेले. आता खोलीत ती एकटीच होती.

"कंट्रोल, कंट्रोल…" मितेशचा आवाज खरखरीतून वर आला. "लवकर घ्या. पुरुष, वय एकतीस, डोक्याला मार, शुद्ध नाय. वहिनी, अनुजदादा…"

जागृतीचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. डबा हाताच्या अंतरावर होता. तिने डोळे मिटले, उघडले आणि माईकचं बटण दाबलं.

"सेटवर वहिनी नाय. कंट्रोल म्हन. आनि आधी सराव म्हनायचं. ठिकान सांग."

"आमच्या बोटीवर घेतलाय… रक्त थांबत नाय… मुरब्याच्या बंदरावर गाडी…" पुढचं खरखरीने खाल्लं.

चांगलं जमायला लागलंय याला, तिला वाटलं. कागदाच्या वर तिने 'सराव' लिहिलं. अक्षर किंचितही हललं नाही. मग रुचिताला हाक दिली.

"सराव, सराव. पुरुष, अनुज, वय एकतीस, डोक्याला मार, बेशुद्ध. मुरब्याच्या बंदरावर ॲम्ब्युलन्स."

"मिळाला," रुचिता म्हणाली. "यादीत लिहिलं."

लगेच मितेश पुन्हा आला. "गाडी निघाली का? सांगा ना, गाडी निघाली का?"

"निरोप पोचला. पुढचा दे."

त्यावर तो काहीतरी म्हणाला, ते फुटून गेलं. तिने दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. तिने वेळ लिहिली, दहा बावन्न, आणि पुढच्या निरोपाची वाट पाहत ताठ बसून राहिली. खूप दिवसांनी तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

दहाएक मिनिटांनी सर खाली आले. हात ग्रीसने काळे झाले होते.

"मधे काय हुकलं?"

"एकबी नाय." तिला हसू आवरेना. "आनि तुमी अनुजचं नाव घातलंत तरी या वेळी मी थांबले नाय, सर."

सर फडक्याला हात पुसत होते.

"अनुजचं?" ते म्हणाले. "या खेपेला तुज्या घरचं नावच घातलं नाय मी. दोनदा लय रडवलं होतं तुला."