रॉइसची आई

"अहो मावशी, खाली बसा! मागच्यांनी काय तुमचा कोट बघायचा?"

शेजारच्या जाडजूड माणसानं ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे व्हर्निस भानावर आली आणि बाकावर टेकली. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात रॉइस टार्प्ली अंगावरचा बर्फ झटकत उठत होता. त्यानं नुकतंच एका धिप्पाड गड्याला लोळवलं होतं आणि अख्खं स्टेडियम त्याच्या नावानं घुमत होतं.

"अ‍ॅक्रनला पहिल्यांदाच?" माणसानं विचारलं. त्याचं नाव कॅझ.

"हो. जॉर्जियाहून आले. हार्लन्स मिलहून."

"म्हणजे रॉइसच्याच गावच्या तुम्ही! त्याचा शेवटचा सामना बघायला आलात ना?" कॅझला आता राहवेना. "पंधरा वर्षं आमच्या हॅमर्स संघाची भिंत आहे हा माणूस. गुडघा फुटला, पट्टी बांधून खेळला. बाप गेला त्या आठवड्यातही खेळला. आज समोरचा चेंडू फेकणारा गडी, म्हणजे क्वार्टरबॅक, आणखी एकदा चेंडूसकट आडवा केला, की आजवरचा सगळ्यांत मोठा विक्रम त्याचा! लहानपणी म्हणे शेतातले बैल अडवायचा."

"बैल कसले!" व्हर्निस फणकारली. "वाळत घातलेल्या चादरींना धडका द्यायचा. फाटलेल्या चादरी शिवता शिवता माझी बोटं झिजली. आणि भूक तर अशी की, घरी भाजलेल्या गरम बिस्किटांचा अख्खा ट्रे एकट्याला लागायचा."

"तुमच्याकडे जेवायचा तो?"

"माझ्याच टेबलावर लहानाचा मोठा झाला."

कॅझनं आ वासला. तो ताडकन बाकावर चढला. "अरे ऐका रे! ही रॉइसची आई आहे!"

व्हर्निसनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण तोवर कुणी तिच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली होती, कुणी हातात गरम हॉटडॉग कोंबला होता. मागची एक बाई तर तिच्या गालाचा मुका घेऊन रडायलाच लागली. थंडी हाडात शिरत होती. व्हर्निसनं घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली आणि हॉटडॉगचा एक घास घेतला.

तिसऱ्या सत्रात रॉइस पाहुण्या संघाच्या क्वार्टरबॅकवर असा कोसळला की धडकेचा आवाज वरच्या रांगांपर्यंत आला. पण चेंडू आधीच हातातून सुटला होता, त्यामुळे विक्रम हुकला. क्वार्टरबॅक मात्र लंगडत बाहेर गेला. त्याच्या जागी शिरस्त्राणाचा पट्टा आवळत एक सडपातळ पोरगा आत धावला.

व्हर्निसच्या हातातला हॉटडॉग खाली पडला. तिनं कॅझची बाही गच्च पकडली.

"घाबरू नका, मावशी. हे पोर वर्षभर राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होतं. रॉइस चावून खाईल त्याला."

"नवख्यांचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली.

रॉइसनं खरोखरच त्या पोराला सळो की पळो करून सोडलं. प्रत्येक वेळी केसभर अंतरानं पोरगा निसटायचा, प्रत्येक वेळी स्टँडचा श्वास अडकायचा, आणि व्हर्निस डोळ्यांवर हात घेऊन बोटांच्या फटीतून बघायची.

"तुम्हाला बघवत नाही वाटतं?" कॅझ म्हणाला.

"गेला आठवडाभर झोपले नाहीये मी."

मग शेवटची खेळी आली. हॅमर्स चारच गुणांनी पुढे होते. चेंडू पोराच्या हातात पडला. समोरच्या दोघांना दारासारखं ढकलून रॉइस सरळ त्याच्याकडे सुटला. व्हर्निस घोंगडीसकट बाकावर चढली.

"पळ!" ती किंचाळली. "पळ रे माझ्या राजा, पळ!"

"पळ, रॉइस, पळ!" सगळा स्टँड तिच्यामागून गर्जला.

रॉइसचा पंजा पोराच्या सदऱ्यावर पडला. पोरगा खांदा पाडून गर्रकन फिरला. पंजा निसटला, रॉइस तोंडघशी बर्फात पडला आणि पोरगा कडेकडेनं वाऱ्यासारखा धावत रेषेपार झाला. सहा गुण!

हॅमर्स हरले. विक्रम गेला. स्टँडमध्ये सुतक पडलं.

रॉइस उठला आणि सावकाश चालत पोराकडे गेला. आता जुंपणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं वाकून पोराला उचललं, थेट आपल्या खांद्यावर घेतलं आणि हसत हसत या स्टँडकडे बोट दाखवलं.

"मावशी," कॅझ डोळे पुसत म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या लेकानं जीव तोडून—"

व्हर्निस बाकावर उड्या मारत घोंगडी फडकवत होती.

"वाईट? अहो, रॉइस शेजारच्या घरातला! माझा लेक त्याच्या खांद्यावर बसलाय!"