डबल बेल

“नाय उठायचं,” सखाराम म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

श्रेयाने वॉकर परत कोपऱ्यात नेऊन ठेवला. आज सतरावा दिवस. पडेगावच्या त्या पुनर्वसन केंद्रात ती सकाळी दहा ते एक फिजिओथेरपीचं काम करायची, आणि नऊ नंबरचा हा बेड पहिल्या दिवसापासून तिच्या नशिबी आला होता.

फाइलीत सगळं सरळ होतं. वय सदुसष्ट, निवृत्त एस.टी. ड्रायव्हर. अर्धांगवायूचा झटका. पायात ताकद परत आली आहे, पण पेशंट चालायला तयार नाही. तारीख चहाच्या डागाखाली गेली होती आणि पुठ्ठा पार पिवळा पडला होता. बिचारे कधीपासून अंथरुणावर असतील, असं तिला वाटलं.

“पायात जोर आहे, मनात नाही,” केंद्राचे मुख्य डॉक्टर इलियास तिला म्हणाले होते. “मनाची गोळी आपल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ती तुम्हीच शोधा.”

श्रेयाकडे कॉलेजची वही होती. त्यात एक त्रिकोण काढलेला: तळाला भूक, वर सुरक्षितता, मग माया, मग मान. माणूस कशाने हलतो, हे त्यात सविस्तर लिहिलेलं होतं. फक्त सखारामांनी ती वही वाचलेली नव्हती.

तिने बक्षीस लावलं. पाच पावलं टाका, गुलमंडीवरून इमरती आणते. सखारामांनी इमरती आधी मागून घेतली, चाटूनपुसून खाल्ली आणि आडवे झाले. तिने धाक घातला. असंच पडून राहिलात तर पाय आखडतील, काका. “आखडू दे,” ते म्हणाले. शेवटी कौतुक करून पाहिलं.

“वा काका, काय छान बसलात आज!”

“मी काय अंगणवाडीतलं पोरगं हाय व्हय?”

श्रेया कानापर्यंत लाल झाली. त्यांच्या उशाशी नेहमी एक किल्ली असायची. तिने एकदा विचारलं, तर म्हणाले, “तीस वर्षं गाडी चालवली. किल्ली हाताशी नसली की झोप येत नाय.”

तिचे दुसरे दोन पेशंट उपचार अर्धवट टाकून घरी गेले होते. आपल्याला हे काम जमत नाही, ही गोष्ट आता तिला पटत चालली होती. गंगापूरहून वडील रोज फोनवर सांगायचे, नसेल झेपत तर ये परत. तिने राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. सखाराम उठले नाहीत, तर शनिवारी तो द्यायचा, एवढंच ठरायचं बाकी होतं. तेही शुक्रवारी रात्री, ती गंगापूरला घरी गेली तेव्हा ठरलं.

शनिवारी सकाळी गंगापूरच्या स्टँडवर एस.टी. भरून उभी होती. इंजिन चालू. लोक ओरडत होते, “चला की, वो!” एक पुढारी तर केबिनवर थापा मारत होता. ड्रायव्हर ढिम्म. मग मागून कंडक्टरने घंटीची दोरी ओढली. एकदा, पुन्हा एकदा. आणि गाडी हलली.

श्रेया सीटवरून उभीच राहिली. ड्रायव्हर इमरतीसाठी गाडी हलवत नसतो. धाकाने तर नाहीच नाही.

केंद्रात पोचताच ती बायकांच्या खोलीत गेली. तिथल्या शमशादबींचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. हाड जुळलं होतं, पण पडायची धास्ती एवढी की दोन महिन्यांत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. श्रेयाने त्यांची चाकांची खुर्ची ढकलत नऊ नंबरच्या बेडमागे आणली, हातात वॉकर दिला आणि कोपऱ्यातला वॉकर सखारामांच्या पुढ्यात ठेवला.

“मेरे से नै होता, बेटी,” शमशादबी म्हणाल्या.

“तुम्ही फक्त सवारी आहात, खाला. काका, गंगापूर गाडी लागलीय. सवारी कधीची बसलीय आणि ड्रायव्हर नाही.”

सखारामांनी मान वळवली. शमशादबींकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“सवारीला ताटकळत ठिवू नये,” ते पुटपुटले. उठून बसले. पाय खाली सोडले, दोन्ही हात वॉकरवर ठेवले. आणि तसेच थांबले.

श्रेयाने स्टीलचा ग्लास उचलला आणि त्यावर चमचा मारला.

टण्. टण्.

सखाराम उभे राहिले. “धरून ऱ्हा मावशे, गाडी हालली!”

ते पुढे आणि मागे, श्रेयाच्या आधाराने, थरथरत का होईना, शमशादबी. दारापर्यंत. मग व्हरांडाभर. मध्येच शमशादबी थबकल्या, तसे सखाराम ओरडले, “चालत्या गाडीतून उतरायचं नाय!” त्या हसल्या आणि हसता हसता पुढचं पाऊल पडलं. व्हरांड्याच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी श्रेयाला मिठीच मारली. “मैं चली! देखो, मैं चली!” खोल्याखोल्यांतून लोक टाळ्या वाजवत बाहेर आले. श्रेयाला रडू आवरेना. एवढा आनंद तिला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

तिने राजीनामा तिथेच, सखारामांसमोर फाडला. एक वाजता ती घरी निघाली, तीही जवळजवळ पळतच.

दीड वाजता सखारामांनी उशाची किल्ली घेतली, जिना उतरून ते पार्किंगमध्ये आले आणि आपल्या स्कूटरवर बसले. डॉक्टर इलियास त्यांचं हेल्मेट घेऊन उभेच होते.

“राहतेय ना पोरगी?”

“ऱ्हाती. ही सातवी, डॉक्टर. इमरती समद्यांनी आणली, पण डबल बेल हिलाच सुचली. शमशादबीला तेवढं रोज चालवा, ती खरी पेशंट हाय.”

“पुढची एक तारखेला येतेय, काका.”

सखारामांनी किक मारली. “मंग मला एकतीसलाच भरती करून घ्या.”