लांब श्वास

पोहणं शिकवणारा बाप तलावावरून धावत आला. गळ्यातली शिट्टी ओलीच होती. अतिदक्षता विभागात त्याची लेक शर्यत संपवल्यासारखी धापा टाकत होती. “हळू, पिल्ला. लांब श्वास घे, शिकवलाय ना?” “हळू नको!” डॉक्टरबाई म्हणाल्या. “किडन्या बंद पडल्यात. रक्तात साचलेलं ॲसिड फक्त श्वासानं आटोक्यात आहे. डायलिसिस लावेपर्यंत ही धापच तिला जगवतेय.” बाप वाकला. “मग टाक धापा, पिल्ला! जोरात!” तोही तिच्याबरोबर धापा टाकू लागला. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला. लांब, एकसारखा, त्यानं शिकवला तसा. “ऐकलं बाई बाबांचं!” दारातून आत येणारी आई सुखावली. डॉक्टरबाई मात्र धावल्या. तलावात लेक मागे पडली की बाप शिट्टी फुंकायचा आणि ती जीव खाऊन हात मारायची. त्यानं इथंही, तिच्या उशाशी, शिट्टी फुंकली. कुणीच रागावलं नाही.